कागद आत्ता, कुदळ नंतर

ताई, सलाम.

नाशिकच्या जुन्या भागातल्या एका चर्चच्या पंच कमिटीचा मी सचिव. आमचं चर्च दगडी, चुन्यात बांधलेलं, शंभर वर्षांच्या पुढचं. बाकं २०० माणसांची आणि रविवारी येतात ३५०. उरलेली मंडळी बाहेर मांडवात बसते. पावसाळ्यात तर हाल विचारू नका. म्हणून हॉल मागच्या बाजूला वाढवायचा आणि उत्तरेच्या कुंपणाकडे रविवारच्या शाळेसाठी दुमजली खोल्या बांधायच्या, असं ठरलं. अंदाज ६८ लाखांचा आहे, त्यातले ३१ लाख जमलेत.

तेवढ्यात उत्तरेची तीन मजली सोसायटी पुनर्विकासाला गेली. पाडूनही झाली. तिथे आता १४ मजले आणि खाली दोन तळघरं होणार. बिल्डरचा माणूस पेढे घेऊन आला. म्हणाला, कुंपणालगतची ३ मीटरची पट्टी काम चालू असेपर्यंत वापरायला द्या, नंतर जमलं तर फायर ब्रिगेडच्या गाडीसाठी ती तशीच मोकळी ठेवू. बदल्यात हॉलसाठी १५ लाख आणि नवं कंपाउंड. फक्त लेटरहेडवर ‘हरकत नाही’ असं एक पत्र हवं.

ज्येष्ठ मंडळी म्हणते, देवाने दार उघडलं. तरुण संघ म्हणतो, कोर्टातून स्टे आणा. काहींचं म्हणणं, त्याच्या आधी आपणच भराभर बांधून मोकळं व्हावं, नाहीतर वर राहायला आलेले लोक उद्या आपल्याच भजनांवर तक्रार करतील. त्यात पाळकसाहेबांची मे महिन्यात बदली आहे. काय करावं?

ता. क. उत्तरेच्या भिंतीत एका खिडकीच्या कमानीवर बारीक तडा आहे. आणि त्या ३ मीटरच्या पट्टीत पाच जुन्या कबरी आहेत.

सचिव, नाशिक

---

सचिवसाहेब, सलाम.

ताजा कलमातल्या दोन ओळी पत्राच्या डोक्यावर हव्या होत्या. १५ लाखांचा आकडा दोनदा वाचला, पाच कबरींशी पोहोचले आणि पत्र खाली ठेवलं. जिथे माणसं पुरलेली आहेत तिथून दहा चाकांचे डंपर जात नाहीत, एवढं त्या पेढेवाल्याला सांगितलंत तरी पट्टीचा विषय मिटायला हरकत नाही. पण तो मिटणार नाही, कारण त्याची खरी गरज तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही.

त्याच्या बोलण्यातला ‘जमलं तर’ हा फार महागडा शब्द आहे. उंच इमारतीला आगीची गाडी फिरवायला सहा मीटर मोकळी जागा सोडावी लागते. तुमची ३ मीटरची पट्टी त्याला बांधकामापुरती हवी असती तर त्याने भाडं विचारलं असतं. फायर ब्रिगेडचं नाव निघालं याचा अर्थ त्याची स्वतःची जागा कुठेतरी अपुरी पडतेय. आज दिलेली पट्टी उद्या त्याच्या नकाशात वाट म्हणून रंगवली गेली, की तुमच्या रविवारच्या शाळेच्या खोल्यांभोवती मोकळी सोडायची जागा तुम्ही कुठून आणणार? महापालिकेत नकाशे तपासणाऱ्या टेबलामागे मी बरीच वर्षं बसले आहे. शेजाऱ्याच्या पत्रावर उभे राहिलेले प्रस्ताव मी पाहिले आहेत, आणि ते पत्र लिहून देणारा दहा वर्षांनी स्वतःच्या बांधकामासाठी आला तेव्हा त्याचा उतरलेला चेहराही पाहिला आहे.

आता लेटरहेड. पंच कमिटीला ते पत्र देण्याचा अधिकारच बहुधा नाही. आधी मिळकत पत्रिका, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो, ती काढा आणि धारक म्हणून नाव कोणाचं आहे ते पाहा. नाशिकला मिशनचा इतिहास जुना आहे. शरणपूरची वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवली. आफ्रिकेचा शोध घेणारे डॉ. लिव्हिंग्स्टन, त्यांच्या पार्थिवासोबत १८७४ साली लंडनला गेलेला जेकब वेनराइट नाशिकच्याच मिशन शाळेत शिकलेला, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे. मुद्दा असा की इतक्या जुन्या मिळकतींवर स्थानिक मंडळीचं नाव क्वचित असतं. १९७० साली वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तरी कार्डावर जुन्याच मालक ट्रस्टचं नाव राहिलेलं मी पाहिलं आहे. तुमचं चर्च कोणत्या पंथाचं ते तुम्ही लिहिलं नाही, पण मालक ट्रस्ट कोणता आणि त्याचे विश्वस्त कोण हे कळल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका. बिल्डरच्याही नाही आणि तुमच्या स्वतःच्या बांधकामाच्या अर्जावरही नाही.

ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेला असेल तर कलम ३६ लागू होतं. जागा विकायची, बदलून द्यायची, बक्षीस द्यायची किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी लागते. ‘काम चालू असेपर्यंत’ म्हणजे किती वर्षं, हे त्याने सांगितलेलं नाही. १४ मजले तीन वर्षांत उभे राहतात यावर तुमचा विश्वास असेल तर गोष्ट वेगळी. कर्ज काढणार असाल तर तेही आयुक्तांना विचारूनच. आणि बांधून झाल्यावर ट्रस्टच्या मिळकतीत भर पडते, तिचा बदल अर्ज ९० दिवसांच्या आत द्यायचा असतो. हे शेवटचं हमखास राहतं, आणि पुढच्या कमिटीला डोकेदुखी होते.

ही झाली कचेरीची बाजू. आता जमिनीखालची, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा जीव इथेच आहे.

दोन तळघरं म्हणजे साधारण आठ मीटर खड्डा. जुन्या चर्चची भिंत कुंपणापासून किती लांब आहे ते टेप लावून मोजा. आम्ही इंजिनिअर लोक खड्ड्याच्या तळापासून वर ४५ अंशांची एक काल्पनिक रेघ ओढतो. त्या रेघेच्या आतली माती खड्ड्याकडे सरकू शकते, बाहेरची सहसा सरकत नाही. खड्डा आठ मीटर खोल, तर कुंपणापासून आत सुमारे आठ मीटरचा पट्टा धोक्याचा. तुमचं चर्च नऊ-दहा मीटरवर असेल तर ते जेमतेम बाहेर पडतं. पण दुमजली खोल्या कुंपणापासून तीन मीटरवर येणार असतील, तर त्या बरोबर त्या पाचरीत बसतात. म्हणजे तुम्ही सगळे जुन्या भिंतीची काळजी करताय, आणि जास्त धोक्यात आहे ती अजून न बांधलेली भिंत.

नाशिकची जमीन यात थोडी साथ देते आणि थोडी दगा. खाली काळा पाषाण आहे, तो उभा कापला तरी बऱ्यापैकी उभा राहतो. पण वर काळी माती आणि मुरूम. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आवळते, आणि तिच्या पोटातलं पाणी उपसलं तर एरवीपेक्षा जास्तच आवळते. तळघराच्या खड्ड्यातून रात्रंदिवस पंप चालणार. आवारात आड असेल तर आजपासून त्यातली पाण्याची पातळी दर पंधरा दिवसांनी दोरीने मोजून वहीत लिहा. पाणी झपाट्याने उतरलं तर माती आवळतेय याची ती पहिली खूण.

म्हणून ‘त्याच्या आधी बांधून मोकळं व्हा’ हा सल्ला मला मुळीच पटलेला नाही. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खड्डे उघडले की मधली माती कोणाचीच राहत नाही. पुढे तडा गेला तर तो कोणामुळे गेला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि बिल्डरचा वकील नेमकं हेच म्हणेल. गल्ली एकच, तिच्यात दोन साइट्सचे मिक्सर अडकणार. त्यात २०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरभर चालू आहेत. मजूर, खडी, रेडीमिक्स सगळ्यांचे भाव चढलेले. ६८ लाखांचा अंदाज कोणत्या वर्षीचा आहे हे विचारायला विसरू नका.

पण थांबायचं म्हणजे गप्प बसायचं असं नाही. नकाशा आत्ताच काढा आणि मालक ट्रस्टच्या सहीने मंजुरीला टाका. एक तर मंजुरीला वेळ लागतोच. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली बांधकाम परवानगी एक वर्ष चालते आणि वर्षा-वर्षाने आणखी तीन वर्षं वाढवून मिळू शकते. म्हणजे आज कागद हातात आला तरी कुदळ मारायला तुमच्याकडे चार वर्षं आहेत. दुसरं कारण याहून मोठं. बिल्डरचा इंजिनिअर तळघराची कुंपणाकडची भिंत आता डिझाइन करत असेल. ती भिंत माती अडवून धरते. पलीकडे तुमच्या दुमजली खोल्यांचं वजन येणार हे त्याला आज कळलं, तर तो भिंत तितकी जाड धरेल. तळघर ओतून झाल्यावर कळलं, तर तो म्हणेल की तुमचं वजन माझ्या भिंतीला झेपत नाही, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरंही असेल. तेव्हा मंजुरीची वाट न पाहता खोल्यांचा आराखडा आणि पायावर येणारं अंदाजे वजन रजिस्टर पोस्टाने बिल्डरला आणि त्याच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला कळवा, प्रत महापालिकेच्या नगररचना विभागाला. पोचपावती जपून ठेवा. माझ्या दृष्टीने ही पावती १५ लाखांपेक्षा जास्त किमतीची.

तळघरं जमिनीच्या वर आली, भिंतीमागचा भराव टाकून एक पावसाळा गेला, की मग तुमचा पाया खणा. तोही त्या भरावावर नाही. टाकीव मातीवर पाया बसवायचा नसतो, तो खाली मूळच्या मुरुमापर्यंत किंवा पाषाणापर्यंत न्यायचा, नाहीतर नवी खोली एकीकडे खचते आणि जुनं चर्च जागच्या जागी राहतं. जुनं आणि नवं एकमेकांना घट्ट बांधू नका. मध्ये सांधा सोडा, दोघांना आपापलं हलू द्या. बहुतेक ठेकेदार जुन्या दगडी भिंतीत सळ्या ठोकून नवा स्लॅब अडकवायला बघतात, कारण तसं स्वस्त पडतं. नको. दोन छपरांच्या मधली पन्हळ मात्र चांगली रुंद करून घ्या. नाशिकचा पाऊस शेवटी तिथूनच आत येतो.

आता तुमच्या तरुण संघाशी बोलते. स्टे मागायला कोर्टात गेलात तर न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतील, नुकसान काय झालं? आज उत्तर आहे, काही नाही. उद्या तडा रुंदावला तर विचारतील, आधी किती होता? याचं उत्तर आज तुमच्याकडे नाही, आणि ते तयार करणं हेच तरुणांचं काम आहे.

गंगापूर रोडला आमच्या सोसायटीशेजारी एका बिल्डरने मे महिन्यात खड्डा घेतला. जुलैत गोदावरी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत चढली त्या आठवड्यात आमचं कंपाउंड एका रात्रीत तिकडे कललं. बिल्डर शांतपणे म्हणाला, मॅडम, ते आधीपासूनच वाकडं होतं. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि माझ्याकडे कुंपणाचा एकही फोटो नव्हता. शेवटी शेजारच्या नातीच्या बारशाचा फोटो सापडला. पाळण्यामागे ओळंब्यासारखं सरळ कुंपण. त्या एका फोटोवर आमची भरपाई मिटली. बाळाचं नाव आता आठवत नाही, कुंपणाची रेघ आठवते.

तुमच्याकडे तर अशा फोटोंची खाण आहे. चर्चमध्ये वर्षाला किती लग्नं लागतात? प्रत्येक अल्बममध्ये वेदीसमोर जोडपं आणि मागे उत्तरेची खिडकी असणार. ते अल्बम गोळा करा. तडा कोणत्या वर्षीच्या फोटोत पहिल्यांदा दिसतो ते शोधा. लग्नाची तारीख विवाह नोंदवहीत आहेच. आणि या फोटोंचा आणखी एक उपयोग आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखाद्या इमारतीच्या खिडक्यांतून सलग २० वर्षं उजेड आणि हवा विनातक्रार मिळत आली असेल तर त्यावर हक्क तयार होतो. इमारतीला शेजारच्या जमिनीकडून मिळणाऱ्या आधाराचंही तसंच आहे. १९९० च्या लग्नात खिडकीतून नवरीच्या तोंडावर उजेड पडलेला दिसत असेल तर तो फोटो फ्रेम करायचा नाही, आधी स्कॅन करायचा. पण हे लक्षात ठेवा की हा हक्क जुन्या चर्चचा आहे. काल बांधलेल्या खोल्यांना २० वर्षांची पुण्याई नसते. भराभर बांधू म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते त्यामागे हेही एक कारण आहे. आणि उजेड अडवला गेलाच, तर त्यानंतर दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. थोडा अंधार झाला म्हणून भरपाई मिळत नाही, नुकसान ठळक असावं लागतं.

कमानीवरच्या तड्याला घाबरू नका. शंभर वर्षांच्या चुन्याच्या भिंतीत तडा नसता तरच मला शंका आली असती. तो वाढतोय का, एवढाच प्रश्न आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. मध्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टरच्या टिकल्यांनी चिकटवा. भिंत हलली की काच तडकते. खर्च चहाच्या दोन कपांचा. घंटा वाजवणारे जे कोणी काका असतील त्यांच्याकडे वही सोपवा, रविवारी उपासनेआधी एक नजर, एक ओळ. उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटणारा तडा काळ्या मातीचा, त्यात बिल्डरचा हात नाही. आणि कृपा करून नाताळच्या रंगकामात तो सिमेंटने भरू नका. एक तर पुरावा जातो. दुसरं म्हणजे चुन्याच्या भिंतीला सिमेंट मानवत नाही. आतली ओल अडकते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. चुन्याचं काम चुन्यानेच.

याच्या जोडीला खड्डा सुरू होण्यापूर्वीची संयुक्त पाहणी करून घ्या. स्वतंत्र इंजिनिअर तुम्ही निवडायचा, फी बिल्डरने द्यायची, दोघांच्या सह्या. बिल्डर सहसा नाही म्हणत नाही, कारण खोट्या दाव्यापासून त्याचाही बचाव होतो. तसंही ३० वर्षांवरच्या इमारतींना महापालिका अधिनियमाखाली स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच, तुमचं चर्च त्यात येतं. एका दगडात दोन पक्षी. पाषाण फोडायला ब्रेकर लावतील तेव्हा भिंतीच्या पायाशी कंपनं मोजायचं यंत्र बसवायला सांगा. आपल्याकडे खाणीतल्या स्फोटांसाठी जे निकष आहेत त्यात ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंना मंद, म्हणजे कमी वारंवारतेच्या, कंपनात सेकंदाला २ मिलिमीटरची मर्यादा आहे, साध्या घरांना ५. तुम्ही दोनचा आकडा धरा. आकडा ओलांडला की काम थांबवायचं, हे लेखी.

हे सगळं लेखी करायचं म्हणजे एक करार हवा, मालक ट्रस्टच्या सहीने. त्यात मी काय घातलं असतं ते सांगते. रविवारी सकाळी उपासना संपेपर्यंत ब्रेकर बंद. गुड फ्रायडेला बारा ते तीन पूर्ण शांतता. क्रेनचा हात चर्चच्या छपरावरून फिरणार नाही. माती धरायला ते जे रॉक अँकर ठोकतात ते परस्पर तुमच्या जमिनीखाली घुसवणार नाहीत. हे शेवटचं कोणी विचारतच नाही, आणि मग पाया खणताना जमिनीतून सळ्या निघतात. त्याची कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी, म्हणजे बांधकामाचा विमा, असणार, तिची प्रत मागा आणि कंपनामुळे किंवा जमिनीचा आधार काढून घेतल्यामुळे शेजाऱ्याचं होणारं नुकसान धरणारं जोडकलम आहे का पाहा. साध्या पॉलिसीत ते गृहीत धरू नका. नसलं तर जोडून घ्यायला लावा. प्रकल्पाची कागदपत्रं महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर मिळतील, तिथे किती तळघरं नोंदवलीत आणि पूर्ण करायची तारीख काय दिलीय ते बघा. पेढेवाल्याने सांगितलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. न जमलं तर महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, माहिती अधिकाराचा अर्ज टाका, मंजूर नकाशाची प्रत मिळते.

बिल्डरशीच बोललं पाहिजे असंही नाही. पाडलेल्या सोसायटीतली कुटुंबं आज भाड्याच्या घरांत आहेत, पण उद्या तीच तुमच्या खिडकीसमोर राहायला येणार, आणि बिल्डरशी करार त्यांचा आहे. त्यांच्या अध्यक्षांना घरी बोलावून चहा पाजा. भजनांच्या तक्रारीची भीती आहे ना, ती तिथे निम्मी कमी होईल. उरलेल्या निम्म्यासाठी नव्या हॉलच्या उत्तरेच्या खिडक्यांना दुहेरी काचा लावा.

१५ लाखांचं काय? मी घेतले नसते. चर्चला देणगी द्यायला कोणालाही मनाई नाही, पण हरकत नसल्याच्या पत्राच्या बदल्यात आलेली रक्कम देणगी नसते, तिला किंमत म्हणतात. आणि उद्या भिंत तडकली तर ज्याच्या पैशाने स्लॅब टाकला त्याच्याविरुद्ध कमिटीतला कोण उभा राहील? ज्येष्ठांना माझ्या वतीने विचारा. टॉवर पूर्ण झाला, भोगवटा प्रमाणपत्र आलं, तुमच्या भिंती शाबूत आहेत, आणि तेव्हाही त्याला द्यावंसं वाटलं, तर पावती फाडून आनंदाने घ्या. नव्या कंपाउंडचं मात्र मी आत्ताच हो म्हणेन. खड्डा त्याचा, माती अडवायची जबाबदारी त्याची. पण आधी सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड पक्के करा. कुंपण नेहमी जुन्या जागेवरच बांधलं जातं असं नाही, रात्रीत एक फूट आत सरकलेली कुंपणं मी पाहिली आहेत.

तुमच्या स्वतःच्या नकाशाबद्दल थोडंसं, कारण त्याचा तपशील तुमच्या आर्किटेक्टचं काम आहे. विकास आराखड्याचा अभिप्राय काढून रस्तारुंदीची रेघ आवारातून जात नाही ना ते पाहा. नवा भाग पूर्णपणे स्वतःच्या हद्दीत आणि मंजूर नकाशावर असू द्या. सार्वजनिक जागेतल्या धार्मिक बांधकामांवर सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. पोर्चचा एक खांब जरी फुटपाथवर गेला तर विनाकारण त्या यादीत नाव येईल. ३५० माणसांच्या हॉलला बाहेर उघडणारी दोन मोठी दारं हवीत, एकमेकांपासून लांब. चर्चचं सुंदर सागवानी दार आत उघडतं, हे ठाऊक आहे मला. ते ठेवा, पण दुसरं वेगळं करा. व्हीलचेअरसाठी उतार आत्ताच नकाशात घ्या, नंतर जोडलेला उतार हमखास जास्त चढाचा होतो.

आणि एक आगाऊपणा. हॉल खरंच एवढा हवा का? आठ रविवार दारात उभं राहून डोकी मोजा. नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टर आणि हंगामाचा सण सोडून. मग सकाळी साडेसातची दुसरी उपासना सहा महिने चालवून बघा. तुम्हाला तसंही थांबायचंच आहे. पावसात मांडवात बसणाऱ्या आजीबाईंची सोय उद्यापासून होईल, आणि कदाचित कळेल की हॉल थोडाच वाढवला तरी भागतं आणि पैसे खोल्यांच्या पायात घालता येतात. हे कमिटीत बोलल्यावर तुमच्यावर कोणी खवळलं तर माझं नाव सांगा.

पाळकसाहेबांची बदली हा तुमच्या पत्रातला एकमेव ठरलेला दिवस आहे, तेव्हा तो धरून चला. मेच्या आधी मिळकत पत्रिका, मोजणी आणि वजनाचं पत्र ही तीन कामं त्यांच्या देखरेखीखाली मार्गी लागू द्या. पुढचा पत्रव्यवहार कोणा माणसाच्या नावे नको, ट्रस्टच्या पत्त्यावर. नवे पाळक येतील त्यांना फाइल मिळाली पाहिजे, आठवणी नकोत.

कबरींचं पुन्हा एकदा. त्यांवरची अक्षरं अजून वाचता येत असतील तर येत्या रविवारी उपासनेनंतर तरुण संघातल्या दोघांना कागद-पेन्सिल घेऊन तिथे बसवा. नाव, साल, असेल ती ओळ, जशीच्या तशी उतरवून घ्या, मग दफन नोंदवहीशी ताडून पाहा. दगडांभोवती पत्र्याचं तात्पुरतं कुंपण घाला आणि त्याचा फोटो काढा, त्या दिवशीचं वर्तमानपत्र हातात धरून. काचपट्टी सकाळी दहाच्या आत लावा, नंतर उत्तरेच्या भिंतीवर सावली पडते आणि तड्याचं टोक नीट दिसत नाही.